मुलगी कोणावर गेली?

घरात मूल जन्माला आले की पहिल्या आठवड्यात त्याची जी पाहणी होते, तिच्यापुढे शाळेची वार्षिक तपासणी फिकी पडावी. येणाऱ्या बायका बाळाला मांडीवर घेतात, टोपडे मागे सारतात आणि कानाच्या पाळीची कड निरखून पाहतात. जन्मतः मूल कितीही गोरे दिसो, कानाच्या कडेला जो रंग असेल तोच पुढे अंगावर चढायचा, हा आपल्या वडीलधाऱ्या बायकांचा ठाम सिद्धान्त. मग नाक, मग हनुवटी, मग बोटांची लांबी. आणि शेवटी तो प्रश्न, जो अमरावतीपासून अकोल्यापर्यंत प्रत्येक घरी विचारला जातो : ‘कोनावर गेलं व लेकरू?’

प्रश्न निरुपद्रवी आहे. उत्तर मात्र तसे नसते. उत्तर म्हणजे एक वाटणीपत्रच असते. चांगले ते आमच्याकडचे, उणे ते त्यांच्याकडचे. ‘नाक आमच्या घराण्याचं, रंग तेवढा तिकडला घेतला,’ हे वाक्य मी इतक्या घरांतून ऐकले आहे की ते बारशाच्या गाण्यांतच समाविष्ट करायला हरकत नाही.

मी अकोल्यातील एका शाळेत तीस वर्षे जीवशास्त्र शिकवले. आनुवंशिकतेचा पाठ दरवर्षी शिकवला, फळ्यावर वाटाण्याच्या शेंगा काढल्या, मुलांकडून तक्ते भरून घेतले. पण हा विषय पुस्तकातून उठून आमच्या ओसरीवर येऊन बसला, तो माझ्या धाकट्या भावाच्या दोन मुलींमुळे.

थोरली गोरी. केस तपकिरी झाक असलेले, डोळे घारे. धाकटी काळी-सावळी, नाक बसके व रुंद, गालाची हाडे वर आलेली, केस दाट आणि राठ. दोघींचे आईबाप एक, घर एक, ताटातले अन्न एक. दोघी शेजारी उभ्या राहिल्या की नवखा माणूस एकदा इकडे पाहतो, एकदा तिकडे पाहतो आणि गप्प राहतो. सगळेच गप्प राहतात असे नाही. धाकटीला पहिलीपासून विचारले गेले आहे, ‘तू ह्यांच्याकडची खरंच का?’ विचारणाऱ्याला तो विनोद वाटतो. सहा वर्षांची असताना तिने एकदा आईला आपला बाप्तिस्म्याचा दाखला दाखवायला सांगितले होते. तो वाचून, आपले आणि आईवडिलांचे नाव बोटाने तपासून, तिने तो पुन्हा नीट घडी करून ठेवला. ही गोष्ट आमच्या भावजयीने मला फार वर्षांनी सांगितली.

घराण्याची हकीकत येथे सांगणे आवश्यक आहे. आमचे आबा, म्हणजे वडिलांचे वडील, मूळचे गोव्यातील बारदेश तालुक्याचे. मुंबई-नागपूर लोहमार्ग १८६७ साली पूर्ण झाला आणि वऱ्हाडचा कापूस मुंबईच्या बंदराकडे धावू लागला. त्या रेल्वेने कापूस नेला, तशी माणसे आणली. तिकीटबाबू, गार्ड, तारमास्तर, खानसामे. त्यांत गोव्याचे होते, मुंबईकडचे होते, मद्रासकडचे होते, आणि अँग्लो-इंडियनही होते. आबा विसाव्या शतकाच्या आरंभी गार्ड म्हणून बडनेऱ्याला आले आणि तेथेच राहिले. त्यांची एक तसबीर अजून भावाच्या बैठकीत आहे : पांढरा गणवेश, पिळदार मिशा, उजळ वर्ण. ते सांगत असत की, त्यांच्या पणजीचे आजोबा पोर्तुगीज सोजीर होते. त्या सोजिराचे नाव कोणाला ठाऊक नव्हते, पण त्याचे डोळे घारे होते एवढे मात्र सर्वांना ठाऊक होते.

आजीविषयी कोणी काही सांगत नसे, कारण सांगण्यासारखे काही नव्हते असे धरले जाई. १८९९-१९०० च्या मोठ्या दुष्काळात वऱ्हाडात आणि मध्य प्रांतात माणसे रस्त्याच्या कडेला मरून पडली. त्या वर्षी तीन-चार वर्षांची एक मुलगी मिशनच्या अनाथाश्रमात कोणीतरी आणून सोडली. तीच आमची आजी. लॅटिनमध्ये लिहिलेल्या बाप्तिस्म्याच्या नोंदवहीत तिचे ख्रिस्ती नाव आहे, धर्ममातेचे नाव आहे. आईवडिलांच्या जागी ‘अज्ञात’ एवढा एकच शब्द. पुढे त्याच आश्रमातून आबांनी तिला लग्न करून आणले. ती १९७४ साली वारली, तेव्हा मी कॉलेजात होते, म्हणून मला ती चांगली आठवते. ठेंगणी, काटक, काळी कुळकुळीत. स्वतःच्या रंगाविषयी बोलण्याची तिला लाज नव्हती. माझ्या वडिलांना कोणी ‘आईवर गेला’ म्हटले की ती हसून म्हणे, ‘काया रंग हाय त हाय, उन्हात पांढरा थोडीच होनार हाय!’ तिचे एकच छायाचित्र आहे, १९५० नंतर केव्हातरी काढलेल्या कौटुंबिक समूहचित्रात, अगदी कडेला, अर्धा चेहरा एका पुतण्याच्या खांद्याआड.

धाकटी तिच्यानंतर वीस वर्षांनी जन्मली. आणि तिच्या चेहऱ्याकडे पाहिले की आजीला पाहिलेल्या आम्हा दोघा-तिघांच्या काळजात चर्र होते, इतके साम्य आहे.

२०१९ साली धाकटीच्या सोयरिकीची बोलणी सुरू झाली. मुलगी औषधनिर्माणशास्त्राची पदवीधर, नोकरी करणारी. एका चांगल्या म्हणवणाऱ्या घरचे लोक येऊन गेले, चहा झाला, पोहे झाले. आठ दिवसांनी मध्यस्थाकरवी निरोप आला. थोरलीसारखी असती तर प्रश्नच नव्हता, पण दोघी बहिणींत एवढा फरक कसा, आणि तुमच्या घराण्यात नेमके कोण कोण मिसळलेले आहे हे आम्हाला कळले पाहिजे. माझ्या भावाने उत्तरादाखल काय केले? आबांच्या तसबिरीचा मोबाइलवर फोटो काढला आणि मध्यस्थाला पाठवला. सोबत त्या पोर्तुगीज सोजिराची हकीकतही लिहिली.

त्या संध्याकाळी धाकटी माझ्याकडे आली. रडली वगैरे नाही. तिने एवढेच विचारले, ‘आत्या, पप्पांनी आबांचा फोटो का पाठवला? विचारलं तर माझ्याबद्दल होतं ना? मग आजींचा पाठवायचा.’

हे जे पुढे लिहिते आहे ते तिच्यासाठी मांडलेले गणित आहे. तिने ते पाच मिनिटांत समजून घेतले. तिच्या वडिलांना वेळ लागला.

वऱ्हाडात आनुवंशिकता समजावून सांगायला वाटाणा लागत नाही, पऱ्हाटी पुरते. सुरत येथे डॉ. सी. टी. पटेल यांनी १९७० साली कपाशीचे पहिले व्यापारी संकरित वाण काढले, ते ‘संकर-४’. त्यानंतर अकोल्याच्या पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठानेही आपली संकरित वाणे दिली. बियाणे तयार करणाऱ्या शेतात बायका संध्याकाळी उमलू पाहणाऱ्या कळीतले पुंकेसर हाताने खुडून काढतात आणि दुसऱ्या सकाळी तिच्यावर दुसऱ्या जातीच्या फुलातील पराग लावतात. त्या बोंडातली सरकी म्हणजे संकरित बियाणे. ते पेरले की सगळे शेत एकसारखे उभे राहते. पण एखादा काटकसरी शेतकरी त्याच पिकाची सरकी राखून पुढच्या वर्षी पेरतो, तेव्हा काय होते हे आपल्याकडच्या कोणत्याही कास्तकाराला विचारा. एक झाड छातीएवढे, दुसरे गुडघ्याएवढे. एकाचे बोंड टपोरे, दुसऱ्याचे बारके. एक लवकर फुटते, दुसरे दिवाळी उलटली तरी हिरवेच. आजोबा-आजींची जी लक्षणे पहिल्या पिढीत दबून होती, ती दुसऱ्या पिढीत सुटी होऊन निरनिराळ्या जुळणीने वर येतात. बियाणे दरवर्षी नवे का विकत घ्यावे लागते, याचे कारण हेच.

हा नियम ज्याने प्रथम आकड्यांत मांडला, तो ब्रनो येथील ऑगस्टिनियन मठातला एक संन्यासी होता, ग्रेगोर मेंडेल. १८६५ साली त्याने आपले वाटाण्यांवरील प्रयोग वाचून दाखवले, १८६६ मध्ये ते छापले गेले आणि १९०० पर्यंत कोणी फारसे मनावर घेतले नाहीत. मधल्या काळात तो मठाधिपती झाला आणि करांच्या वादात सरकारशी भांडत राहिला. असो.

मेंडेलच्या आधी लोकांची समजूत अशी होती की, रक्त म्हणजे दुधात पाणी मिसळावे तसे मिसळते, आणि एकदा मिसळले की वेगळे होत नाही. आजही सोयरिकी जुळवणारे लोक हेच गृहीत धरतात. गोरा अधिक काळा बरोबर सावळा. सगळी मुले सावळी. प्रत्यक्षात जे मिसळते ते दूध-पाण्यासारखे नव्हे, कवड्यांसारखे. आईच्या मुठीतून निम्म्या कवड्या येतात, बापाच्या मुठीतून निम्म्या, आणि कोणत्या निम्म्या हे दर मुलागणिक नव्याने ठरते. दोघी बहिणींना एकाच ढिगातून वेगवेगळ्या कवड्या मिळाल्या, एवढाच काय तो त्या ‘एवढ्या फरका’चा अर्थ.

पऱ्हाटीचा दाखला एका ठिकाणी थांबवला पाहिजे, नाहीतर अनर्थ होईल. संकरित वाणाचे आईबाप पिढ्यान्‌पिढ्या निवडून शुद्ध केलेले असतात. माणसांत असा शुद्ध केलेला बाप किंवा आई कोठेच नाही. आबाही मिश्र होते, आजीही मिश्र होती, आणि तो निरोप पाठवणारे घरही मिश्रच आहे. भारतातील जनुकांचा एक मोठा अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला. त्यात हैदराबादचे संशोधक होते आणि अमेरिकेतील हार्वर्डचेही होते. सुमारे ४,२०० ते १,९०० वर्षांपूर्वीच्या काळात या देशातील दोन प्राचीन लोकसमूहांचे मिश्रण इतके सर्वदूर झाले की, भिल्लांसारख्या आडवळणाच्या जमातीही त्यातून सुटल्या नाहीत. आपापल्या जातीतच लग्न करण्याची रीत घट्ट झाली ती त्यानंतर. म्हणजे आपण कुंपणे घातली ती मिश्रण होऊन गेल्यावर.

आता सोजिराचे गणित. माणसाचे दोन पालक, चार आजी-आजोबा, आठ पणजी-पणजोबा; असे मागे जात आठव्या पिढीत २५६ पूर्वज होतात. आबांच्या पणजीचे आजोबा म्हणजे माझ्या पुतण्यांच्या मागे बरोबर आठवी पिढी. आठव्या पिढीतला हा सोजीर खरा होता असे धरून चालले, तरी तो २५६ पैकी एक. आजी त्यांच्या मागे तिसरी पिढी, आठांपैकी एक. दोघांचा हिशेब एकाच मापात करायचा तर मुलींच्या ठेव्यातील २५६ वाट्यांपैकी सरासरीने आजीचे ३२ आणि सोजिराचा एक. तसबिरीच्या चौकटीत मात्र हे प्रमाण उलटे झाले होते.

आणि हा एक वाटाही सरासरीचा. आपला आनुवंशिक ठेवा कणाकणाने नव्हे, मोठाल्या तुकड्यांनी पुढे जातो. त्यामुळे जुन्या पूर्वजाचा तुकडा कधी येतो, कधी येतच नाही. दहा पिढ्या मागे १,०२४ पूर्वज असतात, आणि त्यांच्यापैकी सुमारे निम्म्यांचा एकही अंश आपल्या शरीरात उरलेला नसतो. वंशावळीत ते आपले पूर्वज; देहात नव्हेत. कुलाभिमान बाळगणाऱ्यांनी यावर एकदा शांतपणे विचार करावा असे मला वाटते.

भावाने लगेच विचारले, ‘ताई, मग थोरलीचे डोळे?’ प्रश्न योग्य होता. डोळ्यांत घारा किंवा निळा असा रंग मुळी नसतोच. बुबुळातले रंगद्रव्य सगळ्या मानवजातीत एकच, तपकिरी. ते भरपूर असले तर डोळा काळा दिसतो, कमी असले तर प्रकाश विखुरतो आणि डोळा घारा, हिरवट किंवा निळा भासतो. ते कमी असण्यासाठी बहुधा आई आणि बाप या दोघांकडूनही तशी कवडी यावी लागते. एकीकडून आली तर झाकली जाते. म्हणजे थोरलीच्या घाऱ्या डोळ्यांत आमच्या भावजयीचा वाटा आमच्याएवढाच आहे, आणि भावजयीचे घराणे तीन पिढ्यांमागे जालन्याकडून आलेले, शेतकरी. तेथे कोणता पोर्तुगीज सोजीर गेला होता? भावजय हे ऐकून स्वयंपाकघरातून बाहेर आली आणि म्हणाली, ‘इतकी वर्षं झाली, कोणी एकदा तरी म्हटलं का, डोळे माझ्या माहेरचे आहेत म्हणून?’

रंगाचेही तसेच. वर्ण उजळ करणाऱ्या एका महत्त्वाच्या जनुकाचा शोध २००५ साली एका चिमुकल्या पट्टेरी माशावरून लागला. २०१३ मध्ये भारतीयांच्या तपासणीतून दिसून आले की, या जनुकाचे उजळ रूप युरोपियनांत आणि भारतीयांत एकाच प्राचीन उगमातून आलेले आहे. ते हजारो वर्षांपासून या देशात आहे. वायव्येकडे अधिक, दक्षिणेकडे आणि पूर्वेकडे कमी, पण कमी-अधिक सर्वत्र. वास्को द गामा १४९८ साली कालिकतला उतरला तेव्हा किनाऱ्यावर गोरे लोक आधीच उभे होते, एवढाच याचा सरळ अर्थ.

गोव्यात मिश्र विवाह झाले नाहीत असे नव्हे. १५१० साली गोवा घेतल्यावर अल्बुकर्कने आपल्या शिपायांना स्थानिक स्त्रियांशी विवाह करण्यास उत्तेजन दिले, हे इतिहासात आहे. पण अशी कुटुंबे थोडी. आपली पोर्तुगीज आडनावे रक्ताने आलेली नाहीत, बाप्तिस्म्याच्या वेळी धर्मपित्याकडून किंवा धर्मगुरूंकडून मिळालेली आहेत. २०२१ साली हैदराबादच्या संशोधकांनी गोवा, कुमठा आणि मंगळूर येथील रोमन कॅथोलिकांच्या जनुकांचा अभ्यास प्रसिद्ध केला, त्यातही या लोकांचे जवळचे नाते निघाले ते गौड सारस्वतांसारख्या किनाऱ्यावरच्या जुन्या समाजांशी. आबा हयात असते तर त्यांनी हा अहवाल टपालातच हरवला असता.

कोकणातील बेने इस्राएल लोकांची गोष्ट याच्या जोडीला ठेवण्यासारखी आहे. ते मराठी बोलतात, दिसायला अलिबागच्या शेजाऱ्यापाजाऱ्यांसारखे दिसतात, म्हणून त्यांच्या ज्यू असण्याच्या परंपरेवर पुष्कळांनी शंका घेतली. २०१६ साली त्यांचा अभ्यास झाला, तेव्हा परंपरा खरी निघाली : पूर्वजांत ज्यू आणि स्थानिक दोन्ही, ज्यू वारसा मुख्यत्वे पुरुषांकडून आणि स्थानिक वारसा मुख्यत्वे स्त्रियांकडून आलेला. म्हणजे चेहरा पाहून घेतलेली शंका तेथे चुकली, आणि आमच्याकडे डोळे पाहून बसलेली श्रद्धा.

चेहरा सोडून कागदाकडे वळावे, तर तेथेही गंमत आहे. बडनेऱ्याच्या रेल्वे वसाहतीत आमच्या लहानपणी काही अँग्लो-इंडियन कुटुंबे होती. त्यांच्यातला एक मुलगा आमच्यापेक्षा काळा होता. त्याच्या शेजारच्या घरातली एक मुलगी अगदी मेमसाहेब दिसे. पण अँग्लो-इंडियन होता तो मुलगा. ती मुलगी नव्हे, कारण तिची आई अँग्लो-इंडियन आणि वडील तमिळ. राज्यघटनेच्या ३६६ व्या अनुच्छेदात जी व्याख्या आहे, तीत पित्याकडून किंवा पित्याच्या पुरुषपरंपरेत युरोपियन वंश असावा लागतो. आईकडचा मोजला जात नाही. लोकसभेत आणि विधानसभांत या समाजाचे नामनियुक्त प्रतिनिधी असत, ती तरतूद जानेवारी २०२० मध्ये संपली; व्याख्या अजून आहे. कायद्याला वंशाची एकच बाजू दिसते. निसर्ग दोन्ही मुठी उघडतो. आणि आमच्या सोजिराचे तर असे की, तो आबांच्या पणजीच्या बाजूचा; कायद्याच्या दृष्टीने तो जमेसच नाही.

चेहरे मोजून माणसांची प्रत लावण्याचा उद्योग आपल्या देशात सरकारी इतमामाने झालेला आहे. १९०१ च्या जनगणनेचे प्रमुख हर्बर्ट रिस्ली यांनी नाकाची रुंदी आणि लांबी यांचे प्रमाण काढले आणि नाक जितके अरुंद तितकी जात वरची, असा सिद्धान्त मांडला. त्याच जातीच्या मोजमापांचे आकडे घेऊन डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४८ सालच्या आपल्या अस्पृश्यांविषयीच्या ग्रंथात दाखवून दिले की, नाकावरून ब्राह्मण आणि अस्पृश्य हे वेगळे वंश ठरत नाहीत. रिस्लींची नाकपट्टी पुढे संग्रहालयात गेली असेल, पण ती नजर आपल्या बैठकीत अजून चहा पिते.

युरोपातला प्रकार याहून भयंकर. ऑयगेन फिशर नावाच्या जर्मन मानववंशशास्त्रज्ञाने नैऋत्य आफ्रिकेतील रेहोबोथ येथे युरोपियन बाप आणि आफ्रिकी आई यांच्या वंशजांचे डोळे, केस, नाके तपासली आणि १९१३ मध्ये त्यावर ग्रंथ लिहिला. मिश्र संततीतही लक्षणे मेंडेलच्या नियमाने सुटी-सुटी उतरतात, हे त्याने पाहिले. डोळ्यांपुढे सत्य होते. पण त्यातून त्याने निष्कर्ष काढला तो अशा विवाहांना आळा घालण्याचा. जर्मनीतील राइन प्रदेशात आफ्रिकी सैनिक आणि जर्मन स्त्रिया यांची जी मुले होती, त्यांना नाझी राजवटीने १९३७ साली गुपचूप निर्बीज केले. त्या मुलांची तपासणी करून अभिप्राय देणाऱ्यांत फिशरसारखेच विद्वान बसलेले होते.

याच फिशरच्या हाताखाली बर्लिनमध्ये आपल्या इरावती कर्वे यांनी डॉक्टरेट केली. ‘युगान्त’मुळे त्या सर्वांना ठाऊक आहेत, त्यांनी कवट्या मोजल्या हे फार थोड्यांना ठाऊक असते. विषय होता मानवी कवटीच्या उजव्या-डाव्या बाजूंतील असमानतेचा, आणि त्या असमानतेत गोऱ्यांचे श्रेष्ठत्व दिसावे अशी गुरूंची अपेक्षा होती. कर्वेबाईंच्या मोजमापात वंशावंशांत तसा फरक निघाला नाही, आणि निघाला नाही असे त्यांनी लिहिले. परदेशात, एकट्या स्त्रीने, परीक्षकाच्या तोंडावर. धाकटीला मी ही हकीकत सांगितली तेव्हा तिने एकच प्रश्न विचारला, ‘मार्क कमी दिले का हो त्यांना?’

राहता राहिली आजी. आमच्या नात्यातील काही शहाणे तिच्या गालांच्या हाडांवरून आणि नाकावरून सांगत की, ती मेळघाटातली कोरकू असणार. असेलही. मेळघाट अमरावती जिल्ह्यातच, आणि दुष्काळात डोंगरातली माणसे खाली उतरली. पण याच निकषाने पाहिले तर ती गोंड असू शकते, आंध असू शकते, मैदानातल्या कोणत्याही शेतमजुराच्या घरची असू शकते. कोरकू लोक तरी कोठे एका वळणाचे आहेत? त्यांची भाषा मुंडा कुळातली. ही भाषा बोलणाऱ्या जमातींचे पुरुषांकडून आलेले पूर्वज बव्हंशी आग्नेय आशियाकडचे आणि स्त्रियांकडून आलेले याच भूमीतले, असे जनुकशास्त्र सांगते. आमच्या वऱ्हाडाचे काय घेऊन बसलात. इमादशाहीचा संस्थापक फतेउल्ला, ज्याने १४९० साली एलिचपुरात स्वतंत्र राज्य मांडले, तोसुद्धा विजयनगरकडचा, कानडी हिंदू घरात जन्मलेला आणि लहानपणी पकडून येथे आणलेला. फार्सी दरबारातला त्याचा चेहरा पाहून कोणी काय ओळखले असेल?

माझ्या एका भाच्याने सुचवले की, आता लाळेचा नमुना पाठवला की टक्केवारी घरपोच येते. येते हे खरे. पण ती टक्केवारी म्हणजे त्या कंपनीजवळ आधीपासून असलेल्या नमुन्यांशी लावलेली तुलना. ती आजीचे गाव सांगणार नाही, आईचे नाव सांगणार नाही, आणि तिला आश्रमाच्या दाराशी कोणी आणून सोडले तेही सांगणार नाही. मी त्याला म्हटले, तुझे पैसे, तुझी लाळ. त्याने अजून पाठवलेली नाही.

धाकटीचे लग्न २०२२ साली झाले, तिच्याबरोबर काम करणाऱ्या मुलाशी, अमरावतीत. त्या मुलाच्या आईने घराण्याची चौकशी केली नाही. तुम्हाला मटणाचा रस्सा तिखट चालतो का, एवढे विचारले. लग्नाआधी बाप्तिस्म्याचे दाखले काढायचे होते, तेव्हा धाकटीने फादरांच्या परवानगीने जुन्या नोंदवहीतली आजीची नोंद स्वतःच्या हाताने उतरवून घेतली. नंतर एका मोठ्या कागदावर तिने दोन्ही घरांची वंशावळ मांडली. आबांच्या बाजूला नावे भरपूर निघाली. त्यांच्या पणजीच्या वर तिने ‘एक सोजीर, सांगोवांगी’ असे लिहिले आहे. आजीच्या वर दोन चौकोन आहेत, आबांच्या आईवडिलांच्या चौकोनांएवढेच मोठे, त्याच शाईने आखलेले, आणि रिकामे. समूहचित्रातला तो अर्धा चेहरा तिने मोठा करून घेतला. तो आणि आबांची तसबीर आता भावाच्या बैठकीत एकाच खिळ्याच्या रांगेत आहेत. गेल्या महिन्यात एक पाहुणे त्या चित्राकडे बघून म्हणाले, ‘ही धाकटीच ना? जुन्या वेषात फोटो काढलाय वाटतं.’ भावाने त्यांना खुर्ची दिली आणि दुष्काळापासून सांगायला सुरुवात केली.